उठून दिसणारा तो 'कन्स्पिक्युअस'

श्रोतेहो, नमस्कार. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला परतणारी बोट किनाऱ्याजवळ येऊ लागली की माड, जांभ्याचे कडे, घरं सगळंच दिसतं. तांडेलाची, म्हणजे बोटीच्या प्रमुखाची, नजर मात्र ठरते भगवती किल्ल्याच्या दीपगृहावर. जे दिसतं ते इंग्रजीत 'व्हिजिबल'. जे न शोधता नजर ओढून घेतं ते 'कन्स्पिक्युअस'. उच्चारताना जोर 'स्पि'वर द्यायचा. सागरी नकाशात अशा खुणेचं नाव मोठ्या लिपीत छापतात. जुन्या नकाशांत तर पुढे 'कन्स्पिक' असं लिहीतच.

शब्द लॅटिन. 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं आणि 'कॉन' हा जोर देणारा उपसर्ग. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला. इन्स्पेक्टर आणि सस्पेक्ट ही त्याचीच भावंडं. ग्रीकांनी 'स्प-क'चं 'स्क-प' केलं, म्हणून टेलिस्कोपमधला 'स्कोप'ही घरचाच. आणि आपल्याकडे? संस्कृतात धातू आहे 'स्पश्', पाहणे. 'स्पश' म्हणजे हेर. ऋग्वेदात वरुणाभोवती असे स्पश बसलेले आहेत. पाण्याच्या देवाला पहारेकरी हवेतच म्हणा! आपला 'स्पष्ट' याच धातूचा.

इथेच भाषांतर करणारे घसरतात. नातं आहे म्हणून अर्थ एक नाही. धुकं विरून कडा नीट दिसला की तो स्पष्ट. पण तसे दहा कडे शेजारी असतील तर त्यातला एकही कन्स्पिक्युअस नाही. मराठीत 'ठळक', 'उठून दिसणारा', 'नजरेत भरणारा' म्हणा. 'ऑब्व्हियस' आणखी वेगळा: मूळ अर्थ 'वाटेत आडवं आलेलं', म्हणून उघड, सांगायलाच नको असं. 'इनकन्स्पिक्युअस' म्हणजे अदृश्य नव्हे. दिसतो, पण नजर त्यावर ठरत नाही.

हा गुण वस्तूइतकाच तिच्या मागच्या रंगाचाही. चुन्यानं रंगवलेला मनोरा हिरव्या डोंगरापुढे झळकतो. मागे पावसाळी पांढुरकं आभाळ आलं की विरघळतो. म्हणून काही मनोऱ्यांवर लाल किंवा काळे पट्टे ओढतात. आपल्या किनाऱ्याची आणखी एक गोम आहे. दुपारनंतर समुद्रावरून येताना सूर्य पाठीशी, किनारा उजळलेला, रंग कामाला येतो. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो, सारा किनारा सावलीत काळा. तेव्हा पांढरा रंगही काळाच दिसतो, आणि उठून दिसते ती आकृती: डोंगराच्या रेषेवर चढलेलं एखादं टोक. खूण निवडताना ती दोन्ही वेळांना पारखून घ्यावी.