भेटीचा पैसा कोणत्या खिशातून?

मंडळी, आपल्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक, म्हणजे नमुना १, उघडा आणि 'महिला व बालकल्याण, १० टक्के' ही ओळ शोधा. तिच्यापुढे काय लिहिलेलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. शिलाई मशीन, अंगणवाडीची रंगरंगोटी, खेळणी, आठ मार्चचा कार्यक्रम. यातलं काही वाईट आहे असं नाही. पण त्याच गावात ओली बाळंतीण आठ दिवसांचं बाळ घेऊन टोकाच्या वस्तीवर बसलेली असते, आणि तिच्या दारापर्यंत कुणीतरी चालत जावं यासाठी त्या ओळीत एक रुपयाही नसतो. आज बोलायचं आहे ते त्या रुपयाबद्दल. तो कुठून काढता येतो, कुठून काढता येत नाही, आणि काढल्यावर लेखापरीक्षणात का अडकतो.

आधी सध्या काय मिळतं ते पाहू. २०११ पासून आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, म्हणजे सहा भेटी. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक वाढते. सिझर असेल तर तिसऱ्या दिवसाची वगळून पाच. या साऱ्याचे मिळून २५० रुपये, तेही बेचाळीस दिवस उलटल्यावर आणि जन्मनोंदणी, वजनाची नोंद, सुरुवातीच्या लसी अशा अटी पुऱ्या झाल्यावर. २०१८ पासून पुढच्या पाच भेटी आल्या: ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात, प्रत्येकी ५० रुपये. म्हणजे पंधरा महिन्यांत अकरा भेटी आणि पाचशे रुपये. भेटीला पंचेचाळीस रुपये पडतात. पाड्यावर जायला तीन किलोमीटर उतार आणि परत तीन किलोमीटर चढ असेल, तरी दर तोच.

या भेटींचं मूळ आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो, आणि वापरताना त्यातलं निम्मं गाळलं जातं. तिथल्या आरोग्यदूत नुसत्या भेटी देत नव्हत्या. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर औषध आणि इंजेक्शन देत होत्या, आणि त्यांच्या नोंदी कुणीतरी नेमाने तपासत होतं. देशभरच्या योजनेने भेटींचं वेळापत्रक घेतलं, तपासणी मात्र सैल सोडली. पंचायतीला पैसे घालायचे असतील तर ही सैल जागा कुठे आहे ते कळायला हवं. त्यासाठी एक भेट जवळून बघू.

आशाताई घरात आल्या की आधी साबणाने हात धुतात. बाळ झोपलेलं असेल तर उत्तम, उठवायचं नाही. पहिलं काम श्वास मोजणं. दुपटं बाजूला करून पोट वरखाली होताना पाहायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं, पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची युक्ती इथे चालत नाही, कारण नवजात बाळ मध्येच थांबून मग भराभर श्वास घेतं. त्यानंतर काखेतलं तापमान, ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट ठीक. मग अंगावर पाजताना बसून बघायचं. वजन सगळ्यात शेवटी, कारण काट्याच्या झोळीत घातलं की बाळ रडतं, आणि रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजण्यात अर्थ नाही. घाईत हा क्रम उलटा होतो. काटा दिसायला मोठा असतो, घरच्यांना वजनाचीच उत्सुकता असते, म्हणून तोच आधी बाहेर निघतो.

काट्याचीही एक गोष्ट आहे. स्प्रिंगचा काटा रिकामी झोळी लावून शून्यावर आणायचा असतो. ते राहिलं तर झोळीचं वजन बाळाच्या नावावर जमा होतं. दुपट्यासकट तोललं तर आणखी दीड-दोनशे ग्रॅम. २ किलो ३०० ग्रॅमचं बाळ कागदावर अडीच किलोचं होतं, आणि अडीच किंवा त्यावरचं बाळ कमी वजनाचं धरत नाहीत. एखाद्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये २.५ हा आकडा ओळीने दिसला तर सगळी बाळं सारखी जन्मली असं समजू नका. काटा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. किराणा दुकानातली एक किलो साखरेची सीलबंद पिशवी झोळीत ठेवा. काट्याने एक किलोच्या आसपास दाखवलं नाही तर काटा बदला.

आता सांगा, यात पैसा कुठे लागतो? बिघडलेला काटा आणि थर्मामीटर बदलायला थोडा. जास्तीचा लागतो चालण्याला आणि वेळेला. अडचण इथेच सुरू होते, कारण पंचायतीच्या बहुतेक खिशांतून वस्तू विकत घेता येते, माणसाचा वेळ नाही.

पहिला खिसा वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या निधीचा. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठीच्या पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेला ४० टक्के अबंधित. पण अबंधित म्हणजे काहीही करा असं नव्हे. त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. काटा घ्या, हरकत नाही. आशाताईंना भेटीचे पैसे दिले की पहिला आक्षेप तयार. शिवाय गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात आधी नोंद नसलेलं काम या पैशातून होत नाही. २ ऑक्टोबरपासून आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात, तेव्हा विषय मांडला नाही तर वर्ष गेलं.

दुसरा खिसा ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचा. वर्षाला दहा हजार, संयुक्त खात्यात. रक्कम लहान, पण लवचिक. रात्री आजारी बाळाला न्यायला १०२ ची गाडी पाड्यापर्यंत पोचत नसेल तर खासगी जीपचं भाडं यातून देता येतं. ग्रामपंचायतीच्या खात्यातून तेच भाडं काढायला मासिक सभा लागते, आणि जीपवाल्याला पैसे त्याच रात्री हवे असतात. म्हणून या दहा हजारांतून फिनेल आणि झाडू आणून मार्चअखेर खातं रिकामं करणं हा मला शुद्ध करंटेपणा वाटतो.

तिसरा खिसा फक्त अनुसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी क्षेत्रात. राज्यातल्या १३ जिल्ह्यांत पेसाचा, म्हणजे या क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याखालचा, ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. तो ग्रामसभा कोषात जातो आणि त्याच्या चार वाटण्यांपैकी एक आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षणाची. घरपट्टी नावापुरती असलेल्या गावांत हाच खरा आधार.

आणि चौथा स्वनिधी: घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानगाळ्यांचं भाडं. सुरुवातीला पाहिलेली महिला व बालकल्याणाची ओळ याच निधीची, आणि त्या १० टक्क्यांतून ग्रामसभेच्या ठरावाने मानधन देता येतं. कोरोनाच्या काळात ग्रामपंचायतींनी आशा आणि अंगणवाडी सेविकांना प्रोत्साहन भत्ता दिला, तेव्हा कुणाला हे अशक्य वाटलं नव्हतं. अडचण वेगळी आहे. पट्टीची वसुली होते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि रस्ते बंद होतात जुलै-ऑगस्टमध्ये. ज्या महिन्यांत भेट अवघड, नेमकं तेव्हाच खातं कोरडं. त्यामुळे मार्चमध्ये जमलेल्या रकमेतून पावसाळ्याच्या चार महिन्यांचा वाटा बाजूला काढून ठेवा.

आकडे मांडून बघू. लोकसंख्या ३,०००, म्हणजे वर्षाला साधारण ४५ जन्म आणि तीन आशा. स्वनिधी चार लाख धरला तर १० टक्के म्हणजे ४०,०००. सगळ्या ४५ घरांवर पैसा पसरू नका, पसरला की तो कुणालाच पुरत नाही. पंधरा घरं निवडा: बाळ अडीच किलोच्या आतलं, आई पहिलटकरीण आणि घरात वडीलधारं कुणी नाही, भूमिहीन मजूर, वीटभट्टीवरचं कुटुंब. या पंधरा बाळांना पहिल्या पंधरवड्यात चार जादा भेटी, भेटीला १०० रुपये: ६,०००. दूरच्या वस्तीवरची दहा बाळं, अकरा भेटी, ६० रुपये प्रवासभत्ता: ६,६००. तीन काटे आणि तीन थर्मामीटर: ४,२००. कमी वजनाच्या बाळांना टोपडं, मोजे, दोन जाड दुपटी, पंधरा संच ४०० रुपयांप्रमाणे: ६,०००. गाडीभाड्याची पुरवणी: ८,०००. बेरीज ३०,८००. दर माझ्या अंदाजाचे आहेत, आपापल्या गावचे घाला. पण ४० हजारांत हे बसतं, आणि एक शिलाई मशीनही बसते.

जादा भेटी पहिल्या पंधरवड्यातच का? तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या मध्ये आपल्याकडे पाचवीची पूजा येते, सटवाई येऊन कपाळी लिहून जाते म्हणतात. ते दिवस खरोखरच नाजूक. दूध उतरायचं असतं, वजन घटत असतं, आणि शेजारपाजारच्या सल्ल्याने मधाचं बोट आणि घुटी सुरू होते ती तेव्हाच. पाचव्या दिवशी एक फेरी झाली तर बाळ निस्तेज पडतंय हे सातव्या दिवसाऐवजी पाचव्याला कळतं.

आता ठरावाचे शब्द. 'आशा स्वयंसेविकांना नवजात बालकांच्या गृहभेटीसाठी मानधन देण्यात यावे' असं लिहिलंत की अडकलात. त्याच भेटीचे पैसे राष्ट्रीय आरोग्य अभियान देतं, त्यामुळे हे दुबार प्रदान ठरतं. लिहा: 'अभियानाच्या वेळापत्रकाबाहेरील जादा भेटींसाठी व दूरच्या वस्तीवरील प्रवासासाठी'. ठरावातच दर, कमाल भेटी, कुटुंब निवडण्याचे निकष आणि पडताळणी कोण करणार हे घाला. वेगळी वही ठेवा: तारीख, वेळ, श्वास, तापमान, वजन, आईची सही किंवा अंगठा. बिल महिन्याला, रक्कम थेट बँक खात्यात, रोख नाही. बेचाळीस दिवस थांबायला लावू नका. उशिरा मिळणाऱ्या पैशाने पुढच्या बाळाकडे जाणारे पाय जड होतात.

पडताळणी गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) किंवा उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेकडे द्या, सदस्यांकडे नको. पाचातल्या एका घरी जायचं आणि आईला 'ताई आल्या होत्या का?' असं विचारायचं नाही. त्याला 'हो' हेच उत्तर येतं. विचारायचं, 'वजन कसं केलं, बाळाच्या अंगावर काय होतं?' भेट झाली असेल तर आई झोळीचं वर्णन करते. आणि ज्या घरी बाळ दगावलं तिथल्या झालेल्या भेटींचे पैसे कापू नका, असं ठरावात स्वच्छ लिहा. ते कापले जातील या भीतीनेच मृत्यूची नोंद दडते.

माहेरचा प्रश्न सगळीकडे आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिन्याने सासरी. नाव सासरच्या यादीत, बाळ माहेरच्या गावात. अभियानाच्या सूचनांत दोन आशांमध्ये रक्कम वाटायची सोय आहे, पण ती घेण्यासाठी दोघींना एकमेकींचा ठावठिकाणा हवा. सातव्या महिन्यात पोरगी माहेरी निघते तेव्हाच एमसीपी (माता-बाल संरक्षण) कार्डावर माहेरच्या आशांचा फोन नंबर लिहून घ्या. फुकटचा उपाय आहे आणि बाकी कशाहून जास्त भेटी वाचवतो.

राहिल्या ऊसतोडीच्या बायका. दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे निघतात, आणि त्या हंगामात जन्मलेलं बाळ कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत वाढतं. गावाकडच्या पंचायतीचा पैसा त्याच्यामागे जाऊ शकत नाही. पण हिशेब बघा. ज्या पंचायतीच्या हद्दीत कारखाना, तिची करआकारणी मोठी, म्हणजे तिचा १० टक्के वाटाही मोठा. पैसा आणि बाळ एकाच शिवारात असतात. त्या बाईचं मत मात्र त्या ग्रामसभेत नसतं, म्हणून तिच्यासाठी कुणी हात वर करत नाही. अशा पंचायतींनी टोळ्या उतरल्याच्या आठवड्यात कोप्या मोजाव्यात, गरोदर आणि बाळंतिणींची यादी करावी आणि जादा भेटींच्या निकषात 'मतदारयादीत नाव' किंवा 'रेशनकार्ड' घालू नये. भेटीची वेळही बदलावी लागते. आई पहाटे अंधारात फडात जाते, दिवसभर बाळ थोरल्या बहिणीच्या मांडीवर. दुपारच्या भेटीत आशाताईंना आठ वर्षांची मुलगी भेटते, तिला काय सांगणार? संध्याकाळी सातनंतरच जावं लागतं, विजेरी घेऊन, दोघींनी मिळून. कारखान्याच्या गावांनी दर ठरवताना १०० ऐवजी २०० धरावेत, आणि सोबतच्या दुसरीचेही पैसे धरावेत.