जुनी फोर-बाय-फोर पिकअप घरी चालती करताना

श्रोतेहो, नमस्कार.

मळ्याच्या कडेला नाहीतर गोठ्यामागं, ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी पिकअप नाशिक जिल्ह्यात अजूनही दिसते. विलीज जीपच्या घराण्यातली गाडी, मागं पत्र्याचा हौदा आणि चारही चाकांना ओढ. घरच्या शेडमध्ये ती पुन्हा चालती करता येते. फक्त सुरुवात रंगापासून करू नका. रंगवलेली गाडी पुन्हा खोलायची वेळ आली की पैसेही जातात आणि हुरूपही जातो.

आधी हातोडी घ्या आणि चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, वीतभर अंतरानं ठोकत जा. चांगलं लोखंड टणटणतं, आतून गंजलेलं बद्द वाजतं. मागच्या पाट्यांचे शॅकल, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्या टांगणाऱ्या कड्या, बसतात ती जागा आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या नीट बघा. या पट्ट्यांत माती अडकते, पावसात भिजते आणि लवकर सुकत नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागात पावसाळे काढलेल्या गाडीत इथं भोक असणारच, असं धरून चाला. सडक्या भागावर वरून पट्टी मारू नका, दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचून गंज वाढतच राहतो. सडकं कापून काढा आणि तेवढ्याच जाडीचा पत्रा वेल्ड करा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. टाकी रिकामी आहे म्हणून गाफील राहू नका, आतल्या वाफेला एक ठिणगी पुरते. टाकीला घरी वेल्डिंग करूच नका.

आता पुढचा एक्सल. इथं जरा थांबू, कारण फोर-बाय-फोरची खरी दुखणी इथली असतात. या गाड्यांत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलला वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच, नसतो. फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलकडे ओढ नेणारा दांडा, एकाच वेगानं फिरतो, म्हणून दोन्ही एक्सलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो एकच हवा. पण इतक्या वर्षांत कुणी भंगारातून भलताच एक्सल आणून बसवलेला असू शकतो. टू-व्हीलमध्ये ते कळतही नाही. फोर-व्हील टाकल्यावर मात्र गाडी जड होते, लिव्हर अडकतो आणि जोर केला की क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, तुटतो.

तपासणी अगदी सोपी आहे. ज्या एक्सलला जॅक लावायचा नाही, त्याच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गिअर न्यूट्रल करा, आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ओढ वाटून देणारी गिअरबॉक्समागची पेटी, तीही न्यूट्रल करा. हँडब्रेक सोडा, कारण बऱ्याच जुन्या जीपमध्ये तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवरच असतो. एकच चाक उचला, त्याच एक्सलचं दुसरं जमिनीवर राहू द्या. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब, म्हणजे चाक एक्सलपासून सोडवणारे हब, असतील तर ते लॉक करा. टायरवर आणि शाफ्टवर खडूनं रेघ ओढा. चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक थांबलेलं असतं, म्हणून एकाऐवजी दोन फेरे. पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून किंचित जास्त आले, तर रेशो ५.३८, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या क्राउन गिअरचे ४३ दात आणि लहान पिनियनचे ८. सव्वाचारच्या वर किंचित आले, तर ४.२७, म्हणजे ४७ ला ११. दोन्ही एक्सलचा आकडा जुळला पाहिजे, आणि चारही टायर एकाच मापाचे पाहिजेत.

मग नकल, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूचा तो मोठा लोखंडी गोळा. तो पुसून त्यावर नख फिरवा. गंजाचे खड्डे नखाला लागले, तर नवं सील टिकणार नाही, आधी ते खड्डे भरून घासून घ्या. आत किंगपिनचे, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याचे, दोन टेपर बेअरिंग असतात, एक वर आणि एक खाली, आणि त्यांना शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात. वरचे आणि खालचे शिम वेगवेगळे बांधा, मोजून लिहून ठेवा. शिम जास्त राहिले तर किंगपिन सैल राहतो आणि एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात जोरात थरथरतं. फार काढले तर स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपसूक सरळ येत नाही. किंगपिन किती घट्ट आहे, ते सील न बसवता, स्प्रिंगच्या काट्यानं मोजतात. आकडा तुमच्याच मॉडेलच्या शॉप मॅन्युअलमधून घ्या. चाकाच्या आतून तेलाचे ओघळ दिसले, तर एक्सलचं आतलं सील गेलेलं असतं. डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं. बाहेरचं सील कितीही वेळा बदललं तरी ते थांबत नाही.

गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ९० नंबरचं तेल घाला. जीएल-५ मधली काही रसायनं गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. डिफरन्शियलला मात्र जीएल-५ योग्य. गिअरबॉक्सचं तेल घटतंय आणि ट्रान्सफर केसचं वाढतंय असं दिसलं, तर दोघांमधलं सील बदला.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि ऑईलचं मिश्रण सोडा, तीन-चार दिवस मुरू द्या, मग हँडलनं हळूहळू पुढं-मागं हलवा. बोअरिंग, ग्राइंडिंगची वेळ आलीच, तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात ती कामं करणारे सापडतात.

ब्रेकमध्ये काटकसर नको. जुन्या गाडीत एकच सर्किट असतं, एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून होज, पाइप आणि रबर सगळे एकदम नवे टाका. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

रंगाचं काम नाशिकमध्ये फेब्रुवारी ते मे या काळात उरका. घासून उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. रात्रभर तसाच राहिला तर दमट हवेत त्यावर गंजाची लाली धरते, आणि त्यावर मारलेला रंग पुढं पापडासारखा सुटतो.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंदणी होते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये. पण मग रोजच्या वापराला ती चालत नाही. द्राक्षांचे क्रेट बाजार समितीत पोचवायचे असतील, तर ही नोंदणी तुमच्या कामाची नाही.

पहिली फेरी मातीच्या मोकळ्या रस्त्यावर मारा आणि फोर-व्हील तिथंच टाकून बघा, कोरड्या डांबरावर नाही. शंभर किलोमीटर झाले की थांबा, आणि पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट, शाफ्टच्या क्रॉसचे बोल्ट पुन्हा एकदा पान्ह्यानं आवळा. नवे यू-बोल्ट पाट्यांवर बसताना थोडे सैल होतातच.

नमस्कार.