हरदासाची कथा

[समईचा उजेड. चिपळ्या उचलणारा हात.]

ह्या चिपळ्या बघा. लाकडाच्या दोन पट्ट्या, त्यात बसवलेल्या पितळी चकत्या. बोटं बसतात तिथलं लाकूड गुळगुळीत झालंय. ज्यांच्या हातात त्या वाजतात, त्यांना आपण कीर्तनकार म्हणतो. जुनी माणसं म्हणायची, हरदास.

हरिदास हा शब्द बोलण्यात झिजला आणि हरदास झाला. हरीचा दास. पुढचा जन्म हरिदासाच्या घरी दे, असं मागणं तुकोबांनी पांडुरंगाकडे मागितलं. ते घर भक्ताचं. पुढे गावोगाव उभं राहून कथा करणाऱ्यांना हे नाव मिळालं, आणि काही घराण्यांचं ते आडनावच झालं.

आज हा शब्द उरलाय तो म्हणीत. कुणी फिरून फिरून त्याच विषयावर आलं, की आपण म्हणतो, 'हरदासाची कथा मूळपदावर'. म्हणताना जरा हसतोही. पण हे मूळपद म्हणजे काय, ते इथे मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय कळत नाही.

[बुवा उभे राहतात. पेटीचा सूर.]

आधी नमन. मग एक अभंग, बहुधा संतांचा. हेच मूळपद. त्यातला एकेक शब्द बुवा उलगडत जातात, ओवीचा दाखला देतात, श्लोकाचा देतात. हा पूर्वरंग. मग नामाचा गजर होतो आणि उत्तररंगात आख्यान सुरू होतं. साकी, दिंडी, आर्या, कटाव, एकामागून एक पद्यप्रकार. झांज टिपेला जाते. ऐकणारा अभंग विसरून हरिश्चंद्राबरोबर स्मशानात जाऊन उभा राहतो. आणि नेमक्या त्या क्षणी बुवा तोच अभंग पुन्हा उचलतात. शब्द तेच असतात, पण आता ते हरिश्चंद्राचे झालेले असतात.

तासाभराची कथा फिरवून नेमकी त्याच ओळीवर आणून ठेवायची, ही विद्या आहे. म्हणीत तिची थट्टा कशी शिरली, याचं वाईट वाटतं.

मराठी कविता ज्यांना वाचता येत नव्हती, त्यांच्या कानापर्यंत ती ह्याच माणसांनी नेली. बारामतीच्या मोरोपंतांची आर्या पोथीत राहिली नाही, कीर्तनात गायली गेली. 1762 मध्ये 'भक्तविजय' हा संतचरित्रांचा ग्रंथ लिहिणारे ताहराबादचे महिपती तर स्वतःच कीर्तनाला उभे राहत. आणि साकी, दिंडी ही कीर्तनातली वृत्तं 1880 मध्ये 'संगीत शाकुंतल' नाटकातही गायली गेली.

[मध्यंतर. कपाळाला बुक्का, गळ्यात हार.]

हा बुक्का आणि हा हार. जिथे कीर्तन करावं तिथे अन्न घेऊ नये, कपाळाला बुक्का लावू नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, असं तुकोबांनी बजावलं होतं. द्रव्य घेणारे आणि देणारे दोघेही नरकात जातात, इतकं कडक. पण बिदागीवर घर चालवणाऱ्या हरदासानंही हा अभंग म्हटला, त्याच सभेत, गळ्यातल्या हारासकट. स्वतःला टोचणारी ओळ त्यानं वगळली नाही.

रात्ररात्र चालणारी कथा आता तास-दीड तासात आटोपते, आणि हरदास हा शब्द नव्या मुलांना अर्थ सांगून द्यावा लागतो.

[चिपळ्या थांबतात. फक्त पेटी.]

आख्यान संपत आलंय. बुवांनी उपरण्यानं घाम पुसला. पेटीनं सूर दिला. ऐका, तीच ओळ.