माशाचा काय दोष?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभेनंतर भोजन आहे हे ठाऊक असूनही माशांतल्या कृमींवरचे व्याख्यान ऐकायला आपण आलात, याबद्दल प्रथम आभार मानतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की मासे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठले म्हणजे माशाचीच अ‍ॅलर्जी, हा निकाल आपण फार घाईने देतो. काही वेळा मासा निर्दोष असतो आणि अपराधी असतो तो त्याच्या पोटातला पाहुणा.

याचा पुरावा म्हणून मी स्वतःच उभा आहे. लहानपणापासून मासे खात आलेल्या मला एका रात्री, व्हिनेगरमध्ये मुरवलेला पण विस्तव न पाहिलेला मासा खाल्ल्यानंतर चार-पाच तासांनी पोटात कळ आली, तळहात खाजू लागले, मांड्यांवर गांधी उठल्या, आणि आरशात पाहिले तर वरचा ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा इतका सुजला होता. उपचार तत्काळ आणि योग्य झाले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कागदावर लाल शाईने लिहिलेल्या ‘मासे वर्ज्य’ या दोन शब्दांबद्दल. शेकडो वेळा पचलेल्या माशाने त्याच रात्री वैर का धरावे, असे मी विचारले, तेव्हा ‘अ‍ॅलर्जी केव्हाही होऊ शकते’ असे उत्तर मिळाले. ते खरे होते, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. त्यानंतर सात वर्षे घरची मंडळी माझ्यासमोर मासे खाताना शोकसभेत बसल्यासारखे चेहरे करत. ताटे मात्र स्वच्छ होत. अखेर एका अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी माझ्या हातावर निरनिराळ्या माशांच्या अर्काचे थेंब टोचले, तेव्हा त्वचा ढिम्म राहिली. अ‍ॅनिसाकिसचा थेंब टोचताच मात्र नाण्याएवढी गांध उठली.

हा अ‍ॅनिसाकिस म्हणजे एक सूत्रकृमी. त्याची अळी दोन-तीन सेंटिमीटर लांब, पांढुरकी, आणि माशाच्या आतड्यांवर घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसलेली असते. तिचे खरे घर देवमासा किंवा डॉल्फिन यांचे जठर. तेथून अंडी समुद्रात, अळी क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवामध्ये, आणि क्रिल खाणाऱ्या मासळीत किंवा माकुळात, असा तिचा प्रवास होतो. माणूस हा तिच्या लेखी चुकलेला पत्ता आहे. तेथे ती वाढत नाही, पण मरण्यापूर्वी आपल्या प्रथिनांची ओळख शरीराला करून देते. १९६० साली नेदरलँड्समध्ये व्हॅन थील आणि सहकाऱ्यांनी हेरिंगमधल्या या कृमीमुळे होणाऱ्या पोटाच्या विकाराचे वर्णन केले, आणि १९६८ मध्ये तेथे हेरिंग गोठवणे सक्तीचे झाले. अ‍ॅलर्जीकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला: मॅकरेल खाऊन पित्त उठणाऱ्या रुग्णांची प्रतिक्रिया मॅकरेलला नसून अ‍ॅनिसाकिसला आहे, हे जपानी संशोधकांनी १९९० मध्ये मांडले.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाचच मिनिटे उरली आहेत आणि ज्यासाठी मला बोलावले तो भाग अजून बाकी आहे, म्हणून धावतच सांगतो. व्हिनेगर, मीठ, लिंबू यांवर विसंबू नये. युरोपीय संघाच्या नियमानुसार, कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास, किंवा उणे ३५ अंशांना १५ तास गोठवावा लागतो. शिजवताना माशाच्या गाभ्यात किमान ६० अंश तापमान एक मिनिट राहावे लागते. मासा मेल्यावर अळ्या आतड्यांतून मांसात शिरू शकतात, म्हणून पोट लवकर साफ करावे.

मात्र अळी मेली म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. तिची काही प्रथिने उष्णतेला दाद देत नाहीत, त्यामुळे एकदा संवेदनशील झालेल्यांपैकी काहींना शिजवलेल्या माशानेही त्रास होऊ शकतो. अनेकांना नीट गोठवलेला मासा चालतो, आणि याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. रक्तातील आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारे प्रतिपिंड, वाढलेले दिसले म्हणून निदान पक्के होत नाही, कारण या कृमीची काही प्रथिने कोळंबी, झुरळ आणि धुळीतल्या माइट्स या सूक्ष्म किड्यांच्या प्रथिनांशी साम्य राखतात. म्हणून काय खाल्ले, कच्चे की शिजवलेले, आणि किती तासांनी, हे विचारल्यावाचून अहवाल वाचू नये.

माझ्या कागदावरचा ‘मासे’ हा शब्द खोडून तेथे ‘अ‍ॅनिसाकिस’ लिहावे, असा अर्ज मी केला, तेव्हा पलीकडून फक्त स्पेलिंग विचारण्यात आले.