संत्र्याच्या सालीवरचं डिझर्टेशन

नागपूरच्या कळमना बाजारात फेब्रुवारीपासून मृग बहाराची संत्री येतात. बायोकेमिस्ट्रीच्या एमएस्सी डिझर्टेशनला हा हंगाम सोयीचा, कारण संत्र्याच्या सालीत पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे, पेक्टिनमधले मिथाइल गट तोडून आम्ल मोकळं करणारं, एन्झाइम भरपूर असतं. साल फुकटात मिळते. अवघड असतं ते मोजमाप.

५० ग्रॅम साल, २०० मिलि थंडगार १ मोलर सोडियम क्लोराईड, पीएच ८. नुसतं पाणी चालत नाही: एन्झाइम पेशीभित्तिकेला विद्युतभाराने चिकटलेलं असतं, ते मिठानेच सुटतं. मिक्सर दहा-दहा सेकंद फिरवायचा, मधे भांडं बर्फात. मलमलीतून गाळून ४ अंशांवर १०,००० जीने (गुरुत्वाच्या १०,००० पट जोराने) २० मिनिटं सेंट्रिफ्यूज. वरचा द्रव म्हणजे क्रूड, कच्चा अर्क. त्याचं आकारमान, क्रिया (एन्झाइम किती वेगाने काम करतं ते) आणि प्रथिन त्याच दिवशी मोजून वहीत लिहा. हे राहिलं, की शुद्धीकरण किती पट झालं ते पुढे काढताच येत नाही.

मग प्रथिनं गाळात बसवायला अमोनियम सल्फेट, बर्फावर, ढवळत, चिमटीचिमटीने. किती ग्रॅम घालायचं ते ० अंशाच्या तक्त्यातून घ्या. २५ अंशांच्या तक्त्याने मीठ जास्त पडतं. गाळ विरघळवून, त्यातलं मीठ पडद्यातून बाहेर काढायला, रात्रभर डायलिसिस.

आता टायट्रेशन, म्हणजे सुटलेलं आम्ल अल्कलीने मोजणं, आणि इथे घाई अजिबात नको. ०.५ टक्के पेक्टिन, ०.१ मोलर सोडियम क्लोराईड, पीएच ७.५. पीएच स्थिर ठेवणारा बफर घालायचा नाही. एन्झाइमने सोडलेलं आम्ल तोच शोषून घेईल. पीएच ७.५ वर टिकवत ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. समजा १० मिनिटांत १.२ मिलि लागलं आणि ब्लँकला, म्हणजे उकळून निकामी केलेल्या एन्झाइमच्या तुलनेच्या चाचणीला, ०.२. फरक १ मिलि, म्हणजे १० मायक्रोमोल, म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल, म्हणजे १ युनिट. ब्लँक नसेल तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं आम्लही एन्झाइमच्या खात्यात जमा होतं. तोच वायू हायड्रॉक्साइडची ताकदही कमी करतो, म्हणून ते रोज पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करायचं.

तापमान ३० अंश. एप्रिलमध्ये नागपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि साधी वॉटर बाथ पाणी तापवते, थंड करत नाही. खोलीच ३५ अंशांवर असेल तर बटण ३० वर ठेवून उपयोग नाही. वेग वाढतो, फेब्रुवारीचे आणि एप्रिलचे आकडे जुळत नाहीत, आणि दोष मात्र एन्झाइमला दिला जातो. सकाळी लवकर काम करा, बाथमध्ये बर्फ टाका, प्रत्येक रीडिंगशेजारी थर्मामीटरचा आकडा लिहा.

प्रथिन ब्रॅडफर्डच्या रंग-पद्धतीने, ५९५ नॅनोमीटरवर. युनिटला मिलिग्रॅमने भागलं की विशिष्ट क्रिया मिळते. एखाद्या पायरीवर यील्ड (क्रूडमधल्या एकूण युनिटपैकी उरलेला वाटा) १२० टक्के आलं तर खोडू नका. क्रूडमधला एखादा रोधक निघून गेला असेल किंवा क्रूडचं मोजमाप चुकलं असेल. नव्या सालीवर तपासा आणि चर्चेत तसं लिहा.

केएम (एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती सब्स्ट्रेटची, म्हणजे इथे पेक्टिनची, संहती) काढताना व्यस्त अंकांचा आलेख दाखवायला ठीक, पण कमी सब्स्ट्रेटवरची छोटी चूक तिथे फुगते. किंमत थेट वक्र बसवून काढा. पद्धतीचं प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी.