मानेतली गाठ कुठून येते?

मंडळी, माझं काम पॅथॉलॉजीचं. मानेतल्या गाठीत सुई घालून पेशी काढायच्या आणि काचेवर बघायच्या. गाठ दाखवायला आलेल्या माणसाला मी आधी तोंड उघडायला सांगते. जिथे वर्षानुवर्षं तंबाखूची गोळी धरली, तिथेच गालाच्या आत पुष्कळदा कॅन्सरचा चट्टा सापडतो. "तो दुखत नव्हता हो, म्हणून दाखवला नाही," हे उत्तर ऐकलं की आजही पोटात कालवतं.

चट्टा गालात, मग गाठ मानेत कशी? तोंडाच्या अस्तरातल्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. खाली एक पातळ पटल, आणि त्याच्याही खाली लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव मानेतल्या ग्रंथींकडे नेणाऱ्या बारीक नळ्या. पसरायचं तर आधी ही पकड सुटायला हवी. टीजीएफ-बीटा हा संदेश पोहोचला की पेशीत स्लगसारखी प्रथिनं वाढतात आणि ई-कॅडहेरिन दबतं. पटल कुरतडायला मेटॅलोप्रोटिनेज ही विकरं असतातच. सुपारीने ज्यांचं तोंड आखडलंय, त्यांच्या अस्तराखाली हाच टीजीएफ-बीटा आधीपासून वाढलेला असतो. सुपारीला निरुपद्रवी समजणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

पूर्वी आम्हाला वाटायचं, पेशी आपलं मूळ रूप टाकून पूर्ण बदलते आणि मग निघते. २०१७ साली बॉस्टनच्या संशोधकांनी तोंडाच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांच्या सुमारे ६००० पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. बदल अर्धवटच असतो. पेशी अस्तराची ओळख ठेवते आणि वर हलण्याची ताकद कमावते. अशा पेशी तोंडातल्या गाठीच्या कडेला, फायब्रोब्लास्ट म्हणजे आधाराचे धागे विणणाऱ्या पेशींना खेटून सापडल्या. आणि ज्या गाठींत त्या जास्त, त्या मानेत पसरण्याची शक्यताही जास्त.

हे वाचलं आणि रोजच्या स्लाइडचा अर्थ लागला. गाठीच्या मध्यभागी केराटिनचे गुलाबी, कांद्यासारखे पापुद्रे असतात, सगळं कसं जागच्या जागी. कडेकडे सरकावं, तर तीन-चार पेशींचे पुंजके स्नायूंच्या धाग्यांमधून आत घुसलेले! माझी नजर तिथेच खिळते.

पुढची वाट शरीरच करून देतं. गाठ व्हीईजीएफ-सी नावाचं प्रथिन सोडते, त्याने लसिकावाहिन्यांना नवे फाटे फुटतात, त्या रुंदावतात. लसिकाग्रंथी आपल्या रोगप्रतिकारक पेशींना रासायनिक हाक देऊन बोलावतात. ही हाक टिपणारं सीसीआर-७ हे प्रथिन ज्या कॅन्सरपेशींवर असतं, त्याही त्याच हाकेने तिथे पोहोचतात.

तोवर बोटाला काही लागत नाही. टाटा मेमोरियलने अशाच, मानेत गाठ न लागणाऱ्या, तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचा अभ्यास केला. निष्कर्ष आले २०१५ मध्ये. तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. सुरुवातीच्याच आजारात हा फरक फार मोठा आहे.

त्यामुळे आता आम्ही तोंडातल्या गाठीची लांबी-रुंदीच नव्हे, ती किती मिलिमीटर खोल गेली तेही रिपोर्टात लिहितो. पाच मिलिमीटरच्या पुढे गेली की आकाराने लहान गाठसुद्धा पहिल्या टप्प्यात धरत नाहीत. घरात कुणाचा असा रिपोर्ट आला, तर तो आकडा शोधा आणि मानेचं काय करायचं ते सर्जनना त्याच भेटीत विचारा.