सुई टेकण्यापूर्वी

(दृश्य : लातूर, एप्रिलची सकाळ. स्वयंपाकघराच्या ओट्यावर काळी तबकडी, शेजारी पाण्याचा कॅन.)

या ओट्यावर दिसणारे पाणी नळाचे नाही आणि बोअरचेही नाही. मोटारीच्या बॅटरीत घालण्यासाठी जे डिस्टिल्ड वॉटर विकले जाते, ते हे पाणी आहे. बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की ते वाळले की स्टीलच्या तांब्यावर पांढरा थर उरतो. तोच थर रेकॉर्डच्या खाचेत उरला, तर सुई प्रत्येक फेरीला त्याच्यावर आपटते आणि स्पीकरमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात रेकॉर्ड धुण्यासाठी पाणी विकत आणणारा माणूस शेजाऱ्यांच्या थट्टेचा विषय झाला, यात नवल नाही. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ गल्लीत काका म्हणूनच ओळखले जातात. त्या थट्टेत तेही सामील होतात आणि वापरलेले पाणी न चुकता तुळशीला घालतात.

(दृश्य : मऊ ब्रशने रेकॉर्ड पुसणारे हात. मध्यभागी लेबल.)

काकांच्या हातात आहे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ च्या अल्बमची भारतीय आवृत्ती, म्हणजे कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेली रेकॉर्ड. निजामाच्या काळापासून मराठवाड्याची शिक्षणाची आणि खरेदीची वाट हैदराबादकडे जात आली आहे. त्याच वाटेवर, विद्यार्थिदशेत, काकांना ती हैदराबादच्या जुम्मेरात बाजारात जुन्या कुलपांच्या आणि पंख्यांच्या ढिगाशेजारी सापडली. शेजारच्या खोक्यात याच अल्बमची २०११ साली रीमास्टर केलेली, म्हणजे मूळ फितीवरून आवाज नव्याने सिद्ध केलेली, सीडी आहे. या दोहोंपैकी सरस काय, हा वाद जगभरच्या शौकिनांत कित्येक वर्षे चालू आहे. मात्र तो घालणारे बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात : प्लास्टिक काळे आहे की चंदेरी, यापेक्षा त्यावर उतरलेला आवाज कोणी, कोणत्या फितीवरून आणि कोणत्या हेतूने तयार केला, याला अधिक महत्त्व आहे.

(दृश्य : भिंगातून दिसणारी खाच. सुई संथपणे आत उतरते.)

हे दृश्य टिपण्यासाठी आम्हाला पाऊण दिवस लागला, म्हणून ते थोडे निवांत पाहावे. इंग्रजी ‘व्ही’ या अक्षरासारखी ही खाच आहे. तिच्या दोन्ही भिंती पंचेचाळीस अंशांत कललेल्या आहेत. आतल्या भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज कोरलेला असतो, बाहेरच्या भिंतीवर उजव्या. ढोलाचा किंवा बेस गिटारचा खर्ज जसाच्या तसा कोरला, तर खाच इतकी रुंद वळणे घेईल की एका बाजूला पंधरा मिनिटांचे संगीतही मावणार नाही. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी केला जातो, टीपेचे स्वर वाढवले जातात, आणि ऐकताना फोनो ॲम्प्लिफायर, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारे यंत्र, हे सगळे उलटे करून समतोल परत आणतो. १९५४ पासून अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाने यासाठी एकच प्रमाण ठरवून दिले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. काकांनी हा ॲम्प्लिफायर स्वतः, सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बांधला आहे, हे त्यांच्या बोटांवरचे जुने डाग सांगतात. खर्ज शक्यतो दोन्ही स्पीकरांत सारखा ठेवावा, हाही कोरणाऱ्याचा दंडक आहे, कारण तो दोन बाजूंना विरुद्ध पडला तर सुई खाचेतून वर उचलली जाते.

आता तबकडीच्या कडेकडून मध्याकडे जाऊ. रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या फिरते. वेग कायम राहतो, परंतु घेर लहान होत जातो. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर रेघ सरकते, तर शेवटच्या खाचेत जेमतेम २० सेंटिमीटर. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो. काका पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे लावतात. क्लेअर टोरी या गायिकेचा शब्दांवाचून चढत जाणारा स्वर जिथे टिपेला पोहोचतो, तिथे तो किंचित फाटतो. हा दोष गळ्याचा नाही, घेराचा आहे. सीडीवर तो नाही, हे काका मान्य करतात.

(दृश्य : सोनाराच्या काट्याएवढा लहान डिजिटल वजनकाटा. त्यावर टेकलेली सुई.)

सुईचा भार येथे दोन ग्रॅमच्या आसपास ठेवला जातो. तो कमी झाला तर सुई खाचेत आपटत राहते आणि भिंती खरवडते. जास्त भार तर सर्वांना समजतोच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून या घरात सर्व रेकॉर्डी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, कपाटात उभ्या ठेवलेल्या आहेत.

आवाज किती मोठा कोरावा, याला रेकॉर्डवर सुईच मर्यादा घालते. ‘लेड झेपेलिन टू’ हा १९६९ चा अल्बम रेकॉर्ड कोरणारे अभियंते रॉबर्ट लुडविग यांनी इतक्या जोशाने कोरला होता की स्वस्त प्लेअरवर सुई उड्या मारू लागली आणि कंपनीने पुढच्या आवृत्त्या सौम्य कोरून घेतल्या. पहिल्या आवृत्तीवर लेबलाभोवतीच्या रिकाम्या पट्ट्यात त्यांची आद्याक्षरे ओरखडलेली आहेत आणि संग्राहक आज ती बॅटरी लावून शोधतात.

(दृश्य : संगणकाचा पडदा. एकाखाली एक दोन हिरव्या आकृत्या.)

१९८२ मध्ये सीडी आली आणि सुईच गेली. तिच्यावर आवाज आकड्यांत साठवलेला असतो : सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल. चांगल्या रेकॉर्डलाही सत्तरच्या पुढे जाणे अवघड पडते. कागदावर हा सामना एकतर्फी आहे. परंतु उडी मारणारी सुई नसल्यामुळे आवाज वाढवणाऱ्यांचा धाकही गेला, आणि नव्वदच्या दशकापासून जुने अल्बम रीमास्टर करताना ते अधिकाधिक मोठे करण्याची चढाओढ लागली. पडद्यावर दिसतो तो गायक इगी पॉप आणि त्यांचा बँड स्टूजेस यांचा १९७३ चा ‘रॉ पॉवर’. वरची आकृती जुन्या सीडीच्या आवाजातील चढउतारांची, खालची १९९७ साली नव्याने मिश्रण केलेल्या, म्हणजे गळा आणि वाद्ये पुन्हा एकत्र जुळवलेल्या, सीडीची. वरची बालाघाटच्या डोंगररांगेसारखी आहे, खालची रंधा मारलेल्या फळीसारखी. लक्षात घ्यावे की या दोन्ही सीडीच आहेत. माध्यम तेच, तंत्र तेच, हात मात्र वेगळा. हे मिश्रण इगी पॉप यांनी स्वतः करवून घेतले होते, तेव्हा त्यांना ते तसेच हवे होते असे म्हणता येते. ऐकणाऱ्याचे कान मात्र तिसऱ्या गाण्याला थकतात.

अशा आकृत्या मोजून अल्बमला गुण देण्याची पद्धत शौकिनांत आहे, आणि तीत रेकॉर्ड बहुतेकदा वरचढ ठरते. काका त्यावर विश्वास ठेवत नाहीत. एकाच मूळ प्रतीवरून सीडी आणि रेकॉर्ड बनवली, तरी कोरताना आणि वाजवताना लाटांची शिखरे सरकतात आणि रेकॉर्डचा आकडा विनाकारण फुगतो.

शुद्ध ॲनालॉगच्या, म्हणजे आवाज कुठेही आकड्यांत न बदलण्याच्या, अभिमानाचीही तीच गत आहे. डायर स्ट्रेट्सचा १९८५ चा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ मुळातच डिजिटल फितीवर ध्वनिमुद्रित झाला होता, आणि तेव्हाच्या रेकॉर्डवर मावावीत म्हणून त्यातील काही गाणी छाटावी लागली. पूर्ण गाणी ऐकायची तर सीडीच घ्यावी लागे. महागड्या रेकॉर्डींसाठी प्रसिद्ध असलेल्या मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये मान्य केले की तिच्या अनेक रेकॉर्डींच्या घडणीत एक पायरी डिजिटल होती. तोवर त्याच रेकॉर्डींच्या ‘ॲनालॉग ऊबे’वर पानेच्या पाने लिहून झाली होती.

(दृश्य : संध्याकाळ. बैठकीत पडदा, पडद्यासमोर सतरंजीवर शेजारी.)

‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या रेकॉर्डचा आणि सीडीचा आवाज मीटरने सारखा करून, पडद्याआडून आलटून पालटून वाजवण्यात आला : सुरुवातीच्या हृदयाच्या ठोक्यांत धुळीच्या कुरकुरीवरून सर्वांनी रेकॉर्ड ओळखली, आणि घड्याळांचा गजर झाल्यानंतर बहुतेकांची उत्तरे चुकली, काकांचीसुद्धा.

(दृश्य : फिरणारी तबकडी, जवळून. दिवा जातो.)

या प्लेअरची मोटर विजेच्या दाबावर नाही, तर तिच्या ५० हर्ट्झच्या ठेक्यावर फिरते, म्हणून लातूरच्या चढउतारांचा तिला त्रास होत नाही. वीज गेली तर मात्र उपाय नाही. सीडी असती तर गाणे शब्दाच्या मध्येच तुटले असते. येथे स्पीकर गप्प होतात, पण ही जड तबकडी आपल्या ओघात आणखी काही क्षण फिरत राहते, सुईजवळ ऐकू येणारा बारीक स्वर तिच्याबरोबर खाली उतरत जातो, आणि काका अंधारात अंदाजाने हात पुढे करून सुई उचलतात.